दहाव्याचं बोलावनं नाही

आज दहावा, अन् मले बोलावनं नाही.
वस्तरा उकळून, फडकं झटकून बसलो आहो
फाट्यावरच्या दुकानात, कूलरपुढं.
चिंधू भोयर मेला
अन् भादराले डोकं एकही नाही.

मंगळवारी सावंगीच्या दवाखान्याची गाडी आली.
पोट्टे डॉक्टरकी शिकतीन म्हने त्याच्यावर.
सरन नाही, राख नाही,
नदीवर भाताचा गोळा नाही.
कावळे आले होते सवयीनं,
निंबावर तासभर बसले,
मंग गेले उलंगवाडी झालेल्या वावरात.

नाव चिंधू, कारन आधीचे तीन गेले.
मायनं दाईले चिंधी देऊन हा विकत घेतला,
मरनाले वाटावं का कचरा आहे.
मी म्हनलं, तू तं मानत नाहीस, बदलून टाक.
म्हने, देव नाही मानत.
मायचं भेव मानतो.

बोअर माराच्या आधी पानाड्या नारळ घेऊन फिरे,
तळहातावर नारळ उभा राहे, लोक हात जोडत.
हा बाजूले मोटारीचं वायंडिंग भरत बसे.
कोनाले अडवलं नाही त्यानं.
एकडाव फक्त, तीनशे फुटावरून
नुसता फुफाटा निघाला तवा,
थोच नारळ फोडून खोबरं वाटलं सगळ्याइले.

माह्या खुर्चीत मानूस खरं बोलते.
गळ्यावर धार असली का देवही मधात येत नाही.
एका देवळाचा पुजारी, नाव नाही सांगत,
अर्ध्या साबनात बोलला एकदा,
"सोळा वर्सं झाले, तिथं कोनी ऐकून राह्यलं
असं वाटत नाही मले.
पन मी घंटी नाही वाजवली
तं बाया चुली कवा पेटवतीन?"
मी दुसरा गाल घेतला.

सुखदेव खोब्रागडे हासे आमच्यावर.
"तुमी लोक देव सोडता म्हंजे
मोठ्या बिमारीतून उठल्यावानी करता.
आमच्या आज्यानं छप्पन साली
सुपात भरून विहिरीत सोडले.
माह्या हाती आलेच नाही. मी काय सोडू?"

अन् थो प्रज्वल, अमरावतीले शिकते,
देव नाही हे मोबाइलवर काढून दाखवते,
परवा त्याच्या मोठ्या मायले रडवलं त्यानं.
मनगटाले काळा दोरा. कोनाचा रे?
"तिचाच," म्हने.
मी कात्री जरा दुरून फिरवली.

मी काय आहो, मले कोनी इचारलं नाही.
जनमल्यावरचे पयले केस माह्या हाती,
मेल्यावर घरच्याइचे, थे बी माह्याच.
मधात वर कोनी बसून हिसाब लिहिते का,
मान वर करून पाहाले फुरसत कुठं झाली.
मान दुसऱ्याचीच वर करत आलो.

दुपारी पारबता आली.
पायलीभर गहू, अन् पदराले गाठ, दोनशे रुपयाची.
"वहीत लिहून ठेवलं होतं त्यानं.
दहावा करू नका,
पन न्हाव्याचं बुडवू नका."

मी घेतलं. नाही कसं म्हनू.
मंग थे जाईच ना. खुर्ची पाहे.
बसली.
यस्टीची वाट पाहनारे लोक दाराशी आले,
मी फडकं झटकलं तसे सरकले.
"बारीक कर," म्हने. "त्याच्यासाठी नाही.
ऊन लय आहे, मान भाजते."

केस पडत गेले, पांढरे,
कूलरच्या वाऱ्यानं दाराकडं जात राह्यले.
"मेल्यावर बी केस वाढतेत म्हनते लोक.
खरं का रे?"
मी आरशात पाह्यलं नाही.
"नाही बाई. कातडी आखडते, म्हनून वाटते."
"हाव," म्हने. "थो बी असंच सांगे."

लय वेळ कूलरच बोलत होता.
मंग तिनं हात मांगं नेला, चाचपलं,
"कानामांगचे राह्यले."